नाचायला लावणारी धास्ती

मे २०२२मध्ये कॅलिफोर्नियातल्या पासाडीनात ‘क्रुएल वर्ल्ड’ नावाचा महोत्सव पहिल्यांदा भरला, तेव्हा ‘ब्लॉन्डी’ची गायिका डेबी हॅरी शहात्तर वर्षांची होती. जोडीला ‘डीवो’, ‘बाउहाउस’, मॉरिसी. जुन्या पिढीचं स्मरणरंजन म्हणून हे झटकून टाकावं, तर त्याच उन्हाळ्यात ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेमुळे केट बुशचं १९८५चं ‘रनिंग अप दॅट हिल’ ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. ते डोक्यावर घेणाऱ्यांत अशी पोरं होती, की ज्यांचे आईबापच १९८५ साली शाळेत असतील. केट बुशला ‘न्यू वेव्ह’ या संगीतप्रकारात मोजायचं की नाही यावर जाणकार भांडतील. भांडू देत. काळ तोच, सिंथेसायझरसारखी यंत्रंही त्याच पिढीची.

तसं ‘न्यू वेव्ह’ हे लेबलच मुळात दुकानदारीचं. न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबातून वर आलेल्या बँडांना ‘पंक’ म्हटलं तर रेडिओवाले दारात उभं करणार नाहीत, म्हणून ‘सायर रेकॉर्ड्स’च्या सीमोर स्टाइनने हे सोज्वळ नाव रेटलं. त्यात ‘टॉकिंग हेड्स’ची तिरकस गिटार आली आणि पुढे शेफील्डच्या ‘ह्यूमन लीग’चे सिंथेसायझरही मावले. सुरावटीत या सगळ्यांना जोडणारं फारसं काही सापडत नाही. माझ्या लेखी जोडणारी गोष्ट एकच: चाल लख्ख आणि पोटात धास्ती.

‘ऑर्केस्ट्रल मनूव्हर्स इन द डार्क’ या लांबलचक नावाच्या बँडचं १९८०चं ‘एनोला गे’ घ्या. चाल इतकी उमदी, की शब्द न कळणारा माणूस ती वरातीतही वाजवेल. विषय मात्र हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारं विमान. वैमानिकाने त्याला आपल्या आईचं नाव दिलं होतं. बॉम्ब पडला ती सव्वाआठची वेळही गाण्यात येते. गंमत म्हणजे या गाण्याला गायचं ध्रुवपदच नाही. त्या जागी सिंथेसायझरची धून येते. जिथे बोलणं खुंटतं तिथे यंत्र वाजू लागतं, आणि नेमकं तिथेच लोक सगळ्यात जोरात नाचतात. ही धास्ती त्या काळाच्या हवेतच होती. ब्रिटनमध्ये १९८२च्या सुरुवातीला बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेला होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेची क्रूझ क्षेपणास्त्रं तिथल्याच ग्रीनहॅम कॉमनच्या तळावर येऊन पोचली, आणि जर्मनीत गायिका नेना फुग्यांवरून पेटणाऱ्या युद्धाचं गाणं हसतमुखाने गात होती. उद्याची खात्री नसलेल्या पोरांच्या हाती नेमकं उद्याचं वाटणारं वाद्य आलं, हा योग पुन्हा जुळलेला नाही.

त्या वाद्यांशी त्यांची धड ओळखही नव्हती. गॅरी न्यूमन १९७८मध्ये पंकचा अल्बम करायला स्टुडिओत गेला, तिथे आधीच्या कुणीतरी ठेवलेला मिनीमूग सिंथेसायझर दिसला. सहज एक पट्टी दाबली, तर भिंती हादरवणारा आवाज आला. पंक तिथेच संपलं. वर्षभरात तो यादीच्या शिखरावर होता. ‘न्यू ऑर्डर’च्या ‘ब्लू मंडे’ची (१९८३) हकिगत तर याहून बोलकी. बँडमधल्या जिलियन गिल्बर्टने सगळा सुरक्रम कागदांवर लिहून काढला होता. कागदाला कागद चिकटवत ती पट्टी स्टुडिओभर लांब झाली, विणकामाच्या नमुन्यासारखी. एकेक स्वर हाताने भरायचा, आणि त्यात एक राहून गेला. धून तालापासून किंचित सरकली ती सरकलीच. आज संगणकावर ती चूक क्षणात दुरुस्त होईल, आणि गाणं मरेल. यंत्र पक्कं, माणूस कच्चा. कान अडकतो तो त्या फटीत.

याच सुमाराला, १९८२मध्ये, मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलंडची टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही यंत्रं घेऊन दहा रागांचा अल्बम केला. आपल्याकडे तो कुणाला फारसा आठवलाच नाही. २०१०च्या पुनःप्रकाशनानंतर परदेशी रसिकांनी त्याचं कौतुक केलं. म्हणजे स्मरणरंजनाच्या या बाजारातही आपला माल बाहेरून शिक्का लागून आला.

बाजार म्हणण्याजोगं बरंच काही आहे. ‘न्यू ऑर्डर’चा पैसा रिचवणारा मँचेस्टरचा हासिएंडा क्लब १९९७मध्ये बंद पडला. पुढे इमारत पाडली आणि तिथे त्याच नावाचे फ्लॅट उभे राहिले. ‘द वीकेंड’चं ‘ब्लाइंडिंग लाइट्स’ (२०१९) ऐकताना त्या काळाची लकाकी हुबेहूब जाणवते. गाणं उत्तम आहे, एकाकीपणाही आहे. पण जग उद्या असेल की नाही, ही शंका त्याला शिवत नाही. नक्कल करणाऱ्यांनी केशभूषा उचलली, काळजी मागे ठेवली.

अपवाद अनपेक्षित ठिकाणी सापडतो. एलिझाबेथ आय यांच्या ‘न्यू वेव्ह’ (२०२४) या माहितीपटात १९७५नंतर देश सोडून अमेरिकेत आलेल्या व्हिएतनामी निर्वासितांची मुलं आहेत. त्यांच्यासाठी न्यू वेव्ह म्हणजे ‘मॉडर्न टॉकिंग’सारखं जर्मन युरोडिस्को. समीक्षकाने नाक मुरडावं असंच संगीत. पण घरात युद्धाबद्दल अवाक्षर न काढणारे आईवडील आणि बाहेर केस उंच फुलवून नाचणारी मुलं, हे चित्र लंडनच्या शुद्धतावाद्यांपेक्षा मूळ गोष्टीच्या जास्त जवळ जातं.

आणि मग ‘द क्युअर’. सोळा वर्षांच्या खंडानंतर २०२४मध्ये त्यांचा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ आला. जुन्या हिट गाण्यांची उजळणी नाही, पाहुणे गायक नाहीत. आप्तांचे मृत्यू आणि म्हातारपण, एवढाच ऐवज. पहिल्याच गाण्यात गायक रॉबर्ट स्मिथ तोंड उघडतो तो तीन मिनिटं उलटून गेल्यावर. अल्बम ब्रिटनमध्ये पहिला आला.