संकेतस्थळाचा फाँट : शोभेआधी कसोटी

शाळेचे संकेतस्थळ करायचे ठरले की मजकूर, छायाचित्रे, रंग यांवर भरपूर चर्चा होते. फाँट मात्र 'छान दिसतो' एवढ्यावरच पसंत होतो. ही पद्धत आम्हांला सदोष वाटते. मुलांच्या वाचनाशी संबंध असलेली ही निवड शिक्षकांनी संगणकवाल्यावर सोपवू नये.

प्रथम एक गैरसमज दूर करू. युनिकोड हा फाँट नव्हे. तो प्रत्येक अक्षराला क्रमांक देतो. त्या क्रमांकाला आकार देतो तो फाँट. १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी युनिकोडमध्ये आहे. त्याआधीच्या पद्धतीचे फाँट रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवत. असा फाँट वाचकाच्या यंत्रावर नसेल तर रोमन चिन्हांची खिचडी दिसते. तो मजकूर शोधयंत्राला सापडत नाही आणि अंध विद्यार्थ्याला वाचून दाखवणाऱ्या प्रणालीलाही कळत नाही. असे फाँट सरळ बाद करावेत.

उरलेल्यांसाठी आम्ही एक वाक्य सुचवतो : 'ॲल्युमिनियमची शलाका घेऊन ते दऱ्यांतून दर्याकडे गेले.'

यातील 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. जुन्या फाँटमध्ये ते नसते. मग ते दुसऱ्या फाँटमधून उसने येते व विजोड दिसते, किंवा कोरी चौकट उमटते. ॲसिड, ॲल्युमिनियम असे शब्द रोज लागणाऱ्या विज्ञानशिक्षकाला हे कसे चालेल? 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतील फरक तर अर्थाचाच आहे. एक डोंगरातल्या, दुसरा समुद्र. हा भेद नीट न दाखवणारा फाँट मराठीसाठी अपुराच म्हणावा लागेल.

राहिले 'ल' आणि 'श'. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल व देठयुक्त श स्वीकारले. हिंदीत प्रचलित असलेली रूपे वेगळी आहेत. ती चूक नव्हेत. पण अक्षरे नुकतीच गिरवू लागलेल्या मुलाला पाटीवर एक ल आणि पडद्यावर दुसरा दिसला तर तो अडखळेल. दोन्ही रूपांचा युनिकोड क्रमांक एकच असतो. काही फाँटमध्ये ती दोन्ही असतात, मात्र पानाची भाषा 'मराठी' अशी नोंदवलेली असेल तरच मराठी रूप पुढे येते. पुष्कळदा इंग्रजी साचा तसाच वापरल्याने ही नोंद राहून जाते आणि दोष फाँटच्या माथी बसतो.

इंग्रजी साच्याचा आणखी एक तोटा आहे. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार येतात. इंग्रजीसाठी बेतलेले ओळींतील अंतर त्यांना पुरत नाही. अक्षरे ऐसपैस दिसावीत म्हणून त्यांच्यात फट वाढवली तर शिरोरेषाच तुटते. शीर्षकासाठी नक्षीदार फाँट घेण्यास आमची हरकत नाही. परंतु धड्याचा मजकूर साध्या वळणातच हवा.

म्हणून संकेतस्थळाला मान्यता देण्यापूर्वी वरील वाक्य पानावर टाकून घ्यावे आणि कार्यालयातील मोठ्या पडद्याऐवजी एखाद्या पालकाच्या साध्या मोबाईलवर ते वाचून पाहावे. शक्य तर तिसरी-चौथीतल्या मुलाकडून ते मोठ्याने वाचून घ्यावे. मूल जेथे थांबेल, तेथे फाँट तपासावा.