चव आणि कारण : ‘ज्युली अँड ज्युलिया’ पाहताना

मित्रहो, मागच्या खेपेला आपण प्लेटोच्या ‘जॉर्जिअस’पाशी थांबलो होतो. तिथे सॉक्रेटिस स्वयंपाकाला विद्या मानायलाच तयार नाही. ती नुसती हातोटी, जिभेचे लाड करणारी, असं त्याचं म्हणणं. का, तर आपण अमुक एक गोष्ट का करतो याचं कारण आचाऱ्याला देता येत नाही. लहान मुलांच्या पंचायतीपुढे वैद्य आणि आचारी उभे केले तर वैद्यावर उपाशी मरायची पाळी येईल, हा त्याचा दाखला तुम्हाला आठवत असेल. आज तोच धागा धरून एका चित्रपटाविषयी बोलू. नोरा एफ्रॉन यांचा २००९ सालचा ‘ज्युली अँड ज्युलिया’. आम्हाला तो आवडतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची तक्रार कडवट वाटणार नाही.

यात दोन बायकांच्या कथा गुंफलेल्या आहेत. एक ज्युलिया चाइल्ड. नवरा पॉल अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत, त्याच्याबरोबर ती पॅरिसला येते, १९४९ मध्ये ‘कॉर्दाँ ब्ल्यू’ या पाकशाळेत नाव घालते, आणि १९६१ मध्ये सिमोन बेक आणि लुइझेत बर्थोल यांच्यासह ‘मास्टरिंग द आर्ट ऑफ फ्रेंच कुकिंग’ हा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध करते. दुसरी ज्युली पॉवेल, न्यूयॉर्कमधल्या सरकारी कचेरीत नोकरी करणारी. २००२ साली ती त्या ग्रंथातल्या ५२४ पाककृती ३६५ दिवसांत करायचं ठरवते.

मेरिल स्ट्रीप यांच्या कामाबद्दल आम्ही नव्याने काय सांगणार! तो उंच, घोगरा, मध्येच हेलकावणारा आवाज, ते खळाळून हसणं. पण गंमत बघा, अभिनय इतका लोभस आहे की आपण ज्युलियाच्या प्रेमात पडतो आणि ती नेमकं काय काम करत होती हे विचारायचंच विसरतो. ती खाते, हसते, लोण्याचं कौतुक करते, पॉलवर जीव टाकते. म्हणजे पुन्हा जिभेचे लाडच की! चित्रपट स्वयंपाकावर मनापासून प्रेम करतो, पण निकाल देताना प्लेटोच्याच बाजूने देतो, अशी आमची तक्रार आहे.

एक प्रसंग मात्र अपवाद. सैन्यातून परतलेल्या अमेरिकन पुरुषांच्या वर्गात ज्युलिया कांदा चिरण्यात मागे पडते. मग घरी येऊन ढीगभर कांदे चिरत बसते. पॉल दार उघडतो आणि त्याच्या डोळ्यांना धारा लागतात. प्रेक्षक हसतात. आम्हाला तिथे हाताचं शिक्षण दिसतं. गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाने एखादी गोष्ट ‘अशी आहे’ हे कळणं आणि ती ‘करता येणं’ यांत भेद केला. हा प्रसंग दुसऱ्या प्रकारचा.

पण पाकपुस्तक लिहिणारीची अडचण यापुढे सुरू होते. हाताला कळलेलं कागदावर कसं उतरवायचं? आणि तेही समुद्रापलीकडच्या, वेगळं पीठ, वेगळं लोणी, वेगळं मांस मिळणाऱ्या, घरात नोकर नसलेल्या बाईसाठी? आपल्याकडे हीच अडचण कमलाबाई ओगले यांच्यापुढे होती. ‘अंदाजाने घाल गं’ म्हणणाऱ्या स्वयंपाकघरातून त्यांनी ‘रुचिरा’त वाटी-चमच्याचं माप आणलं. ज्युलियाने माप तर दिलंच, वर कारणही दिलं. तिचं मेयोनेझ एके दिवशी जमेनासं झालं, तेव्हा तिने तपमान, अंडी, तेल यांचे इतके प्रयोग केले की शेवटी ते टाकून द्यायची वेळ आली. तिच्या ग्रंथाचं पान बघा. डावीकडे जिन्नस, उजवीकडे कृती. आणि जिन्नसही सगळे एकदम वर नाहीत, ज्या पायरीला जो लागतो तो त्या पायरीसमोर. पुढे सॉस फाटला तर काय करायचं, हेही सांगितलेलं. सॉक्रेटिसने मागितलेलं ‘कारण’ ते हेच, नाही का?

चित्रपटात टंकलेखन दिसतं, प्रकाशकांचे नकार दिसतात. हॉटन मिफ्लिनने नाकारलेलं बाड नॉफच्या ज्युडिथ जोन्स यांनी उचललं, तेही येतं. परंतु ही सगळी यशकथेची वळणं झाली. सिमोन बेक यांचं काम तर मागेच राहतं, आणि लुइझेतबाईंना विनोदापुरतं वापरून घेतलं आहे, ते आम्हाला बरं वाटलं नाही. पॉलला १९५५ मध्ये वॉशिंग्टनला बोलावून झालेली चौकशी मात्र थोडक्यात, छान घेतली आहे. स्टॅन्ली टुची फार कमी बोलून ती अपमानाची सल दाखवतात.

ज्युली पॉवेलचा अर्धा भाग रटाळ आहे असं पुष्कळ जण म्हणतात. आम्हाला उलट वाटतं : खरी परीक्षा तिथेच होती! ज्युलियाला कधीही न भेटलेली एक बाई, अपुरं स्वयंपाकघर, दिवसभराची नोकरी, आणि समोर फक्त छापील मजकूर. पाकपुस्तक कितीही नेटकं असलं तरी ज्याला थोडाफार स्वयंपाक येतो त्यालाच ते समजतं, असं मायकेल ओकशॉट म्हणत. ते खरं की ज्युलिया खरी, हे ठरवायची संधी दिग्दर्शिकेच्या हाती होती. पण बीफ बुर्गिन्याँ जळतं ते ज्युलीला झोप लागली म्हणून. इतर पदार्थ फसतात ते तिचं मन थाऱ्यावर नाही म्हणून. पुस्तकाला कोणी प्रश्नच विचारत नाही. शेवटी ती बदकाची हाडं काढायला बसते, तेव्हा क्षणभर वाटतं, आता कॅमेरा हातांवर थांबेल. थोडा थांबतोही. लगेच पाहुणे येतात.

छापून आलेलं पुस्तक ज्युलियाच्या हाती पडतं आणि चित्रपट संपतो. १९६१. त्यानंतर ज्युडिथ जोन्स यांनी तिला फ्रेंच पाव घरच्या भट्टीत कसा करायचा ते दुसऱ्या खंडासाठी लिहायला सांगितलं. अमेरिकन पीठ वेगळं, घरच्या भट्टीत वाफ नाही. ज्युलिया आणि पॉल दोघंही पीठ मळत राहिले. दोनेक वर्षं आणि २८४ पौंड, म्हणजे जवळपास १२९ किलो पीठ लागलं. वाफेसाठी पाण्याच्या भांड्यात तापलेली वीट सोडायची, ही युक्ती त्यातूनच निघाली, आणि १९७० च्या खंडात ती छापून आली. आम्हाला विचाराल तर एक तास त्या विटेवर काढायला हवा होता.