शिफारशीच्या वहीतले खोडलेले वाक्य

मलकापूर म्हटले की पुष्कळांना बुलढाण्याचे आठवते. मी सांगतो आहे ते मलकापूर कोल्हापूर जिल्ह्यातले, शाहूवाडी तालुक्यातले. कोल्हापूरहून रत्नागिरीला निघाले की आंबा घाटाच्या अलीकडे ते लागते. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने या परिसरातल्या एका प्राथमिक शाळेत जाण्याचा योग आला. मुलांशी गप्पा झाल्या, दोन-तीन प्रयोग झाले आणि चहा येईपर्यंत मी वाचनालयाच्या कपाटाशेजारी ठेवलेली एक वही चाळत बसलो.

वहीचे नाव होते ‘मी वाचलेले पुस्तक’. पुस्तक वाचून झाले की मुलाने त्यात चार-पाच ओळी लिहायच्या आणि शनिवारी परिपाठाच्या वेळी वाचून दाखवायच्या. ते ऐकून इतरांनी पुढचे पुस्तक निवडायचे. कल्पना फार चांगली आहे. शिक्षकाने दिलेल्या यादीपेक्षा शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीच्या शब्दावर मूल लवकर विश्वास ठेवते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. पण पाने उलटत गेलो तसा माझा उत्साह मावळत गेला. प्रत्येक नोंद ‘हे पुस्तक मला खूप आवडले’ या वाक्याने सुरू होत होती आणि ‘सर्वांनी अवश्य वाचावे’ या वाक्याने संपत होती. मध्ये लेखकाचे नाव आणि तात्पर्य. पुस्तकांची नावे झाकून ठेवली असती, तर कोणती नोंद कोणत्या पुस्तकाची हे सांगता आले नसते.

एका पानावर मात्र एक वाक्य लाल शाईने खोडले होते. खोडूनही ते वाचता येत होते : ‘पण शेकरूच्या पाठीवर पट्टे नसतात.’

नोंद चौथीतल्या एका मुलीची होती. मी ते पुस्तक कपाटातून काढून घेतले. जंगलातल्या प्राण्यांची साधी गोष्ट, रंगीत चित्रे. आणि शेकरू म्हणून काढलेल्या प्राण्याच्या पाठीवर खारीसारखे पांढरे पट्टे! मुलीला विचारले, ‘तुला कसं कळलं?’ ती म्हणाली, ‘आमच्या घरामागं रानात हाय की. तांबडं, लांब शेपटीचं. पट्टं नसत्यात त्याला.’

तिचे म्हणणे बरोबर होते. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. पाठ तांबूस-तपकिरी, पोट फिकट, शेपूट झुबकेदार आणि जवळजवळ शरीराइतकीच लांब. आपल्या अंगणातल्या खारीच्या पाठीवर पट्टे असतात, शेकरूच्या नसतात. शेकरू म्हटले की पुस्तकांतून भीमाशंकरचे नाव येते, पण आंबा-विशाळगड परिसरातल्या जंगलातही ते आहे. चित्रकाराने बहुधा ते पाहिलेले नसावे. मुलीने पाहिले होते.

मी बाईंना विचारले, ‘हे वाक्य का खोडलंत?’ त्या मोकळेपणाने म्हणाल्या, ‘सर, शिफारस म्हणजे चांगलंच सांगायचं ना? उणं वाचून दाखवलं तर दुसरं कुणी ते पुस्तक नेणार नाही. शिवाय वही तपासणीला दाखवावी लागते.’ त्यांचा हेतू चांगला होता. इतक्या आस्थेने अशी वही चालवणारे शिक्षक थोडेच असतील. म्हणूनच या वहीवर टीका करावीशी वाटते. जेथे वहीच नाही तेथे टीका तरी कशावर करणार?

माझा आक्षेप असा : शिफारस म्हणजे प्रशस्तिपत्र नव्हे. शिफारस हे एक निरीक्षण आहे. कोणी वाचले, कोणत्या वयात वाचले, वाचताना काय झाले, हे कळले तरच दुसऱ्याला तिचा उपयोग होतो. आमच्या प्रयोगशाळेत फसलेला प्रयोगही वहीत लिहावा लागतो. तो लिहिला नाही तर पुढचा माणूस त्याच वाटेने जाऊन तसाच फसतो. आणि ज्या वहीत प्रत्येक प्रयोग यशस्वी झालेला असतो, त्या वहीवर कोणी विश्वास ठेवत नाही. मुलेही ठेवत नाहीत. सगळीच पुस्तके ‘खूप आवडली’ असतील, तर त्यातले कुठले घ्यावे हा प्रश्न तसाच उरतो.

हा दोष मुलांच्या वहीपुरता नाही. तो आपण मोठ्यांनीच तिच्यात उतरवला आहे. आपण मोठी माणसे पुस्तकांच्या याद्या करतो त्यांत तरी काय असते? पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, किंमत. ते पुस्तक कोणा मुलाने वाचले का, कुठे कंटाळले, कुठे पुन्हा मागे जाऊन वाचले, याचा एक शब्दही नसतो. या शाळेच्या कपाटात जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा विज्ञानकथासंग्रह होता आणि पाने करकरीत होती. नारळीकरांचा (१९३८-२०२५) जन्म कोल्हापूरचा, नाव जगभर गाजलेले. तेव्हा पुस्तक कपाटात येणे स्वाभाविक होते. पण त्या कथा मोठ्या वाचकासाठी आहेत. चौथीच्या मुलाने त्या वाचल्या नाहीत तर दोष ना त्या मुलाचा, ना लेखकाचा. तो नाव पाहून शिफारस करणाऱ्याचा.

गंमत अशी की, नावावर जाऊ नये याची काळजी खुद्द नारळीकरांनी घेतली होती. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने. अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली. परीक्षकांनी फक्त कथा वाचावी, एवढाच हेतू. त्या कथेला पहिले बक्षीस मिळाले. पुस्तकाची शिफारस करणाऱ्याने हा धडा घ्यावा : आधी वाचा, मग नाव पहा.

उणे सांगितले तर पुस्तक कोणी नेणार नाही, ही बाईंची भीती मला खरी वाटत नाही. एक उदाहरण घेऊ. एरिक कार्ल यांचे ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ हे १९६९ सालचे चित्रपुस्तक अनेक भाषांत गेले आहे. खादाड सुरवंट आठवडाभर तऱ्हेतऱ्हेचे पदार्थ खातो आणि शेवटी फुलपाखरू होतो. विज्ञानाच्या दृष्टीने त्यात दोन चुका आहेत. खरा सुरवंट वाटेल ते खात नाही. लिंबावरचा लिंबाच्या जातीचीच पाने खातो, रुईवरचा रुईची. दुसरी चूक कोशाची. फुलपाखराचा सुरवंट अंगाभोवती रेशमाचे घर विणत नाही. शेवटची कात टाकल्यावर आतली त्वचाच टणक होते. रेशमाचे घर विणतात ते पतंगांचे सुरवंट, जसा रेशमाचा किडा. इंग्रजीत या दोहोंना वेगळे शब्द आहेत आणि लेखकाने पतंगाचा शब्द फुलपाखराला लावला. मराठीत आपण दोन्हीला ‘कोश’च म्हणतो, त्यामुळे चूक असल्याचेही लक्षात येत नाही!

मग हे पुस्तक टाकून द्यायचे का? मुळीच नाही. त्याची चित्रे, पानांना पाडलेली भोके, मोजण्याचा खेळ यांना तोड नाही. मी ते मुलांना देताना म्हणेन, ‘यात दोन चुका आहेत. शोधा, आणि मग कढीपत्त्यावर किंवा लिंबाच्या झाडावर जाऊन पहा.’ मग पुस्तक कपाटात राहील असे वाटते का? शेकरूच्या पुस्तकाचेही तसेच. ‘यातल्या चित्रात एक चूक आहे’ एवढे त्या मुलीला वाचून दाखवू दिले असते, तर शनिवारी त्या पुस्तकासाठी रांग लागली असती.

यात पणाला काय लागले आहे तेही पाहू. १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. प्रत्येक शाळेत गोष्टीच्या पुस्तकांसह ग्रंथालय हवे, हे कायद्यात आले ते २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात. २०१८ च्या समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांची तरतूद झाली. रक्कम मोठी नाही. ती कशावर खर्च करायची हे ठरवायला खऱ्या नोंदींची वही असेल, तर पुढच्या वर्षी मुलांना हवी ती पुस्तके येतील. नाहीतर करकरीत पानांची पुस्तके वाढत जातील. आणि त्याहून मोठे नुकसान त्या मुलीचे. छापलेल्यापेक्षा आपण डोळ्यांनी पाहिलेले खरे असू शकते, हे विज्ञानाचे पहिले पाऊल तिने स्वतःहून टाकले होते. लाल रेघेने तिला उलटेच शिकवले.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी दोन अशी, की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ‘सर्वांनी अवश्य वाचावे’ या वाक्यात ना तो वाचक सापडतो, ना ते पुस्तक.

म्हणून शिक्षक मित्रांना माझी सूचना आहे. वही चालू ठेवा, फक्त चार ओळींऐवजी चार प्रश्न द्या. पुस्तक कुठपर्यंत वाचले? कुठे थांबावेसे वाटले, आणि का? खरे वाटले नाही असे काही आहे का, ते कसे तपासले? आणि हे पुस्तक वर्गातल्या कोणाला द्यावेसे वाटते? ‘सर्वांना’ हे उत्तर चालणार नाही, नाव हवे. अर्धे वाचून सोडलेल्या पुस्तकाचीही नोंद होऊ द्या. या वहीत शुद्धलेखन तपासू नका. आणि दर आठवड्याला एक नोंद तुम्ही स्वतः करा. तुम्हाला न आवडलेल्या पुस्तकाचीही.

एका सत्रात काय फरक पडतो ते पहावे. देवघेवीच्या रजिस्टरवरून तो मोजताही येईल. फरक पडला नाही, तर तेही जरूर कळवावे.