मराठी बालपुस्तकांतले निर्मनुष्य रान

मराठीत मुलांसाठी लिहिल्या गेलेल्या अरण्यविषयक पुस्तकांत गेल्या पन्नास वर्षांत प्राणी आणि पक्षी अधिकाधिक खरे होत गेले, पण त्याच रानात पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेली माणसे मात्र खरी व्हायची राहून गेली. नाशिक जिल्ह्यातून पाहताना ही उणीव अधिकच बोचते. कारण सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, दिंडोरी, कळवण आणि बागलाण या तालुक्यांत कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल आणि ठाकर या जमातींची वस्ती आहे, राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालय नाशिक शहरातच आहे, आणि १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय असो की कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने २००९ मध्ये सुरू केलेला ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम असो, पुस्तके वाचकापर्यंत नेण्याची हौस या शहराला जुनी आहे. रान, त्यातली माणसे आणि वाचनाची आस्था या तिन्ही गोष्टी एका जिल्ह्यात असूनही त्यांची गाठ बालपुस्तकाच्या पानावर फारशी पडलेली नाही.

यामागे वाङ्मयीन इतिहास आहे. मराठी मुलाला रान प्रथम भेटले ते शिकारकथांतून. जिम कॉर्बेट आणि केनेथ अँडरसन यांची भाषांतरे व त्यांच्या धर्तीवरचे स्वतंत्र लेखन यांत नायक बंदूकधारी असे, वाघ त्याचा प्रतिस्पर्धी असे आणि रानातला रहिवासी हाकारा घालणारा, माग दाखवणारा किंवा नरभक्षकाला बळी पडलेला असा बहुधा निनावी असे. कॉर्बेटला पहाडी माणसांविषयी मनापासून जिव्हाळा होता आणि त्याच्या पानांत तो जाणवतो. अनुकरण करणाऱ्यांनी मात्र थरार उचलला आणि जिव्हाळा मागे ठेवला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारकथेचा नैतिक आधार गेला, बंदुकीच्या जागी दुर्बीण आली आणि निरीक्षणपर लेखनाला बहर आला. व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली, वानरांच्या टोळीवरची कादंबरी मुलांसाठी लिहिलेली नसली तरी कुमारवयीन वाचकांनी ती आपलीशी केली.

या नव्या प्रवाहात मारुती चितमपल्ली यांचे स्थान वेगळे आहे. वनाधिकारी म्हणून दीर्घकाळ विदर्भाच्या जंगलांत राहिलेल्या या लेखकाने आपले पुष्कळसे ज्ञान गोंड, माडिया आणि ढीवर यांसारख्या रानात व पाण्यावर जगणाऱ्या माणसांकडून मिळवले आणि ते त्यांच्या नावावर नोंदवलेही. त्यांच्या लेखनात पाखराचे स्थानिक नाव शास्त्रीय नावाइतक्याच मानाने येते, आणि ते नाव ज्याने सांगितले तो माणूसही सोबत येतो. पाठ्यपुस्तकांतून त्यांचे उतारे हजारो मुलांपर्यंत पोहोचले. पण त्यांचा वारसा पुढे चालवणाऱ्यांनी बहुतेक वेळा पाखरे घेतली आणि सांगणारा गाळला.

विलास मनोहर यांचे ‘नेगल’ हे दुसरे महत्त्वाचे उदाहरण, आणि ते जरा थांबून पाहावे असे आहे. १९७३ मध्ये भामरागडजवळच्या हेमलकसा येथे सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पातल्या प्राण्यांची ही हकिकत एका बिबट्याच्या नावाने ओळखली जाते. तिथल्या अनाथ पिल्लांच्या संगोपनाची सुरुवातच माडिया लोकांच्या शिकारीतून झाली: अन्नासाठी मारलेल्या माकडिणीला तिचे जिवंत पिल्लू बिलगलेले दिसले, ते मागून घेतले गेले, आणि मग आईविना उरलेली पिल्ले प्रकल्पात येऊ लागली. शिकार करणारा माडिया भुकेपोटी शिकार करतो आणि पिल्लू सांभाळणारा प्रकल्पातला डॉक्टर त्याच माडियावर औषधोपचार करतो, अशी ही गुंतागुंत आहे. कोणालाही खलनायक न करता ती मुलासमोर मांडता येते, हे ‘नेगल’ने दाखवून दिले; तसे पुस्तक बालवाङ्मयात एरवी क्वचितच सापडते.

अलीकडच्या काळातले चित्र निराशाजनक नाही. किरण पुरंदरे यांच्या ‘पक्षी आपले सख्खे शेजारी’सारख्या पुस्तकाने शहरी मुलाला खिडकीतून बाहेर पाहायला शिकवले, बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाने १९७१ पासून निसर्गलेखनाला सातत्याने जागा दिली, वन खात्यात काम करणारे सलीम सरदार मुल्ला यांच्या ‘जंगल खजिन्याचा शोध’ या पुस्तकाला २०१९ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. ल. म. कडू यांच्या ‘खारीच्या वाटा’ला हाच पुरस्कार २०१७ मध्ये मिळाला. धरणात जाणाऱ्या गावातल्या मुलाच्या या कथेत झाडे, प्राणी आणि माणसे एकाच जगण्याचा भाग असल्यामुळे त्यातला निसर्ग देखाव्यापुरता उरत नाही.

तरीही बाजारातल्या बहुसंख्य चित्रमय पुस्तकांत रान अजून ‘दाट, दूर आणि निर्जन’ असेच असते, आणि ते नाशिककर मुलाच्या अनुभवाशी जुळत नाही. निफाड आणि सिन्नर भागात बिबट्या उसाच्या फडात राहतो, तिथेच वितो, आणि ऊसतोडीच्या दिवसांत मजुरांना त्याची पिल्ले सापडतात. वन कर्मचारी ती पिल्ले टोपलीत किंवा क्रेटमध्ये घालून सापडल्या जागीच ठेवतात, आणि मादी पुष्कळदा रात्री येऊन त्यांना तोंडात धरून घेऊन जाते. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शेतीच्या भरवस्तीत दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले होते. ज्या मुलाला संध्याकाळनंतर एकट्याने शेतात जाऊ देत नाहीत, त्याच्या भीतीला आणि कुतूहलाला उत्तर देणारे, ऊसतोड कामगाराच्या मुलीच्या नजरेतून त्या टोपलीची गोष्ट सांगणारे पुस्तक ही आजची खरी निकड आहे.

अशा पुस्तकासाठी लागणारी वाघाविषयीची जुनी समज तर जिल्ह्यातल्या आदिवासी डोंगरांत तयार आहे. आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे इतरत्र वसुबारस असते त्या दिवशी, महादेव कोळी आणि कोकणा वस्त्यांत वाघबारस पाळतात. गावाच्या शिवेवरच्या वाघदेवाला, म्हणजे वाघ, नाग, सूर्य आणि चंद्र कोरलेल्या लाकडी खांबाला किंवा दगडाला, शेंदूर लावतात आणि गुराढोरांना सांभाळ म्हणून साकडे घालतात. या सणात गुराखी पोरांचा मान मोठा असतो. मुलांच्या हातातला, मुलांना आवडेल असा, भय आणि आदर एकत्र नांदवणारा हा विधी बालपुस्तकात येतो तो बहुधा ‘आदिवासींचे सण’ अशा माहितीपर परिच्छेदातून, बोहाड्याच्या शेजारी. बोहाडा, म्हणजे देवदेवतांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून संबळाच्या तालावर रात्रभर नाचवली जाणारी सोंगे, हीसुद्धा मग एका ओळीत आटोपते. मुखवटा डोक्यावर किती जड होतो, तो कोणत्या घराकडे वंशपरंपरेने असतो, त्याच्या आड घाम पुसता येत नसताना पाऊल कसे सांभाळतात, याचा पत्ता मुलाला लागत नाही. लोककथांचीही तीच गत: कणसरी या धान्यदेवतेच्या कथा किंवा डोंगऱ्यादेवाची गाणी प्रमाण मराठीत ‘एका जंगलात’ अशी सुरू होतात, आणि सांगणाऱ्याचे नाव, गाव व थाळीवर धरलेला सूर गळून पडतो.

चित्रांच्या बाबतीत हा अन्याय अधिक ठसठशीत आहे. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांच्यामुळे वारली चित्रकला जगभर पोहोचली, पण मराठी बालपुस्तकांत तिचा उपयोग प्रामुख्याने पानाची किनार म्हणून झाला. त्रिकोणी धडांची माणसे चौकटीभोवती फेर धरून नाचत राहिली आणि मधल्या मजकुराशी त्यांचा संबंध उरला नाही. चेन्नईच्या तारा बुक्सने २००९ मध्ये काढलेले ‘डू!’ हे पुस्तक याच्या नेमके उलट आहे. रमेश हेंगाडी आणि शांताराम धडपे या वारली चित्रकारांनी त्यात एकेका क्रियापदासाठी पानभर माणसे, जनावरे आणि झाडे कामाला लावली आहेत, आणि मुखपृष्ठावर त्यांची नावे लेखिकेच्या बरोबरीने आहेत. महाराष्ट्राची ही कला पुस्तकाचा कणा व्हावी, ही कल्पना महाराष्ट्राबाहेर आधी सुचली, याची खंत इथल्या प्रकाशकांना वाटायला हवी.

उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशांतही हाच प्रश्न उभा राहिला होता. जॅक लंडनच्या ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ (१९०३) आणि ‘व्हाइट फँग’ (१९०६) या कादंबऱ्यांनी जगभरच्या मुलांच्या मनात बर्फाळ उत्तरेची जी प्रतिमा रुजवली, तिच्यात कुत्रे आणि लांडगे अविस्मरणीय होते, मूळ रहिवासी मात्र दुय्यम राहिले. पुढे मायकेल कुसुगाक यांच्यासारखे इन्युइट लेखक स्वतः लिहू लागले, आणि २००६ मध्ये कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात इन्युइट मालकीची ‘इनहॅबिट मीडिया’ ही प्रकाशनसंस्था उभी राहून इनुक्तितुत आणि इंग्रजीत बालपुस्तके निघू लागली. सांगणाऱ्यांच्या हाती छपाई आल्यावर बर्फाचे प्रकार, सीलची शिकार आणि आजीच्या भुताच्या गोष्टी यांना परक्यासाठी समजावून सांगण्याचा सूर उरला नाही.

महाराष्ट्रात असा प्रयोग परका नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा चालवली, म्हणजे मुले जिथे गुरे चारत तिथे शाळा नेली, आणि बिया, पाने, शिंपले यांतून शिक्षणसाधने घडवली. ते काम शिक्षणशास्त्रात गौरवले गेले, बालपुस्तकांपर्यंत मात्र झिरपले नाही. आज आश्रमशाळेतल्या, म्हणजे आदिवासी मुलांच्या निवासी शाळेतल्या, पहिलीच्या मुलाला नागलीची भाकर, शेवळाची भाजी, राब, म्हणजे पेरणीआधी वाफ्यावर पसरलेला पालापाचोळा, भाजण्याचा वास ठाऊक असतो, आणि त्याच्या हातातल्या पुस्तकात यातले काही नसते. कोकणा किंवा वारली बोली आणि मराठी समोरासमोरच्या पानांवर छापलेली, गावातल्याच सांगणाऱ्याचे आणि चितारणाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर असलेली व मानधनाचा हिशेब त्यांच्याशी लेखी ठरलेली पुस्तके काढणे खाजगी प्रकाशकाला एकट्याने परवडणारे नाही, कारण अशा पुस्तकाचा खप एका-दोन तालुक्यांपुरताच राहण्याची धास्ती असते. पण ज्या शहरातून राज्यभरच्या आश्रमशाळांचा कारभार चालतो, त्या शहरात पहिल्या आवृत्तीच्या खरेदीची हमी देणारा ग्राहक शोधायला लांब जावे लागत नाही.