'माणसाला निर्धोक' : एका वाक्याची चिकित्सा

पावसाळ्यानंतर मुलुंड-बोरिवलीच्या एखाद्या सोसायटीत फरशांच्या फटींतले गवत मारायला तणनाशक फवारले, की एक वाक्य हमखास ऐकू येते : 'हे फक्त वनस्पतींना मारते, माणसाला निर्धोक आहे.' वर्गात विद्यार्थीही असेच उत्तर देतात. हे वाक्य शिक्षकांनी तपासून घ्यावे असे आम्हाला वाटते, कारण ते अर्धेच खरे आहे.

आधी खरा भाग पाहू. ग्लायफोसेटचा तणनाशक गुण जॉन फ्रान्झ यांनी १९७० मध्ये अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीत ओळखला. १९७४ पासून ते बाजारात आले. वनस्पती फिनिलअ‍ॅलॅनिन, टायरोसीन व ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले स्वतः तयार करतात. त्या साखळीतील एका विकराचे काम ग्लायफोसेट बंद पाडते आणि तण हळूहळू वाळते. माणसात ही साखळीच नाही. दोन आम्ले आपण अन्नातून घेतो व टायरोसीन फिनिलअ‍ॅलॅनिनपासून बनवतो. इथवर तर्क बिनचूक आहे.

मात्र ही साखळी जीवाणूंत आणि बुरशींतही असते. ग्लायफोसेट सहन करणाऱ्या पिकांत घातलेले जनुक तर एका जीवाणूतूनच घेतले आहे. तेव्हा 'फक्त वनस्पतींना' हे शब्द पहिल्याच पायरीवर डळमळतात.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. वाक्य रेणूविषयी बोलते. फवारणारा मजूर बाटली हाताळतो. द्रावण पानावर पसरावे, आत शिरावे म्हणून बाटलीत साबणासारखे पदार्थ घातलेले असतात. त्यांपैकी पीओईए नावाच्या गटातील पदार्थ ग्लायफोसेटहून अधिक विषारी ठरले. युरोपीय संघाने २०१६ मध्ये ग्लायफोसेटच्या बाटलीत ते घालण्यास बंदी केली.

रेणू आणि बाटली यांतील हा फरक ध्यानात घेतला, तर २०१५ मधील एक कोडेही काहीसे उलगडते. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेट 'माणसात बहुधा कर्ककारक' ठरवले, तर युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने तसा धोका संभवत नाही म्हटले. पहिल्या संस्थेने प्रसिद्ध झालेले संशोधन पाहिले आणि त्यात तयार मिश्रणांवरचे प्रयोगही होते. दुसरीने कंपन्यांचे अप्रकाशित अहवालही घेतले, पण निष्कर्ष शुद्ध रेणूपुरता ठेवला. कोण लबाड हे विचारण्याआधी कोणी काय तपासले हे विचारावे, हा धडा विद्यार्थ्यांना येथे मिळू शकतो.

आता विदर्भ. भारतात ग्लायफोसेटला मान्यता मिळाली ती चहाचे मळे व बिगरपिकाची जागा यांसाठी; कापसासाठी नव्हे. तरी तणनाशक सहन करणारे, परवानगी नसलेले कापसाचे बियाणे शेतात पोचले. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरून सत्याग्रह केला. निंदणाला वेळेवर मजूर मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, ही त्यांची अडचण खरी आहे. निंदणावर पोट असलेल्या बायांची मजुरी फवाऱ्याने बुडते, हेही तितकेच खरे आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटची फवारणी केवळ कीडनियंत्रण व्यावसायिकांनीच करावी अशी अधिसूचना काढली. घाटकोपरच्या सोसायटीला असा माणूस फोनवर मिळतो. अकोट तालुक्यातील शेतकऱ्याने तो कुठून आणावा? जिथे गरज नगण्य तिथे नियम पाळणे सोपे, जिथे फवारणी रोजची तिथे जवळजवळ अशक्य. असा नियम कागदावर राहतो आणि पाठीवर पंप घेतलेल्या मजुराला त्याचे संरक्षण मिळत नाही.

म्हणून 'निर्धोक' हा शब्द वर्गात आला, की तीन प्रश्न विचारावेत : कोणता पदार्थ, किती मात्रेत, आणि कोणाला? पाठ्यपुस्तकातील रेणूपासून शेतातल्या माणसापर्यंत विद्यार्थ्याला हे प्रश्नच नेतील.