दाजींनी हरवलं कोणाला?

लग्न होऊन बेळगावाकडून इंदूरला आले तेव्हा कोणी 'दाजी' म्हणालं की मला वाटायचं, कोणाच्या तरी बहिणीच्या नवऱ्याबद्दल चाललंय. आमच्याकडे दाजी म्हणजे तेच. होमी दाजी हे पारशी, १९२६ साली मुंबईत जन्मलेले आणि पुढे कुटुंबाबरोबर होळकरांच्या मुलखात आलेले, हे कळायला वेळ गेला. बाहेरून आलेला हा माणूस गिरणी कामगारांचा पुढारी झाला, १९५७ ला मध्य प्रदेशच्या विधानसभेत गेला आणि १९६२ ला लोकसभेत. त्यांच्यावरचे स्मरणलेख बरेच वाचले, भाषणंही ऐकली. माझी तक्रार या लेखनाबद्दल आहे, माणसाबद्दल नाही.

जवळजवळ सगळे १९६२ पासून सुरू करतात. एका बाजूला गिरणीवाले शेठ, दुसऱ्या बाजूला फकीर दाजी, आणि शेवटी लाल झेंड्याचा विजय. ऐकायला छान वाटतं. पण दाजींनी हरवलं कोणाला? शेठजींना नव्हे. काँग्रेसचे उमेदवार रामसिंहभाई वर्मा हे स्वतः कामगार पुढारी, इंटकचे. आणि दाजी तेव्हा अपक्ष म्हणून उभे होते. म्हणजे सामना कामगार पुढारी विरुद्ध कामगार पुढारी असा होता. एवढी साधी गोष्ट लेखांतून गळते, आणि तिच्याबरोबर दाजी राजकारणात का गेले याचं कारणही गळतं.

ते कारण माझ्या मते कायद्यात आहे. मध्य भारतानं मुंबईचा औद्योगिक संबंधांचा कायदा उसना घेतला होता, पुढे १९६० ला मध्य प्रदेशानं स्वतःचा केला. दोन्हींत 'प्रातिनिधिक संघटना' ही कल्पना आहे. सभासदांचा आकडा दाखवून ज्या युनियनला ती मान्यता मिळाली, तिनंच मालकाशी बोलायचं. मान्यतेसाठी कामगारांचं गुप्त मतदान नाही. इंदूरमध्ये ही जागा इंटकच्या मिल मजदूर संघाकडे होती. त्याच परंपरेतले व्ही. व्ही. द्रविड तर राज्याचे मजूरमंत्री. मग फाटकावर भाषण देऊन लाल झेंडेवाल्यांच्या हाती काय राहणार? गिरणीत जे मत देता येत नव्हतं ते कामगारानं विधानसभेच्या पेटीत टाकलं. १९५७ चं महत्त्व हे आहे, आणि तेच साल एका ओळीत उरकलं जातं.

आता आमच्या समाजाबद्दलही बोलायला हवं. हुकुमचंद, कल्याणमल, राजकुमार, या गिरण्या जैन शेठांच्या. मंदिरात सर सेठ हुकुमचंदांचं नाव निघतं ते काचमंदिरामुळे. पाहुणे आले की आपण त्यांना काचमंदिर दाखवायला नेतो. गिरणीकडे कोणी नेत नाही. मीही नेलं नाही.

विजयानंतरचा दाजी तर लेखांतून गायबच होतो. १९६७ ला प्रकाशचंद्र सेठींनी त्यांना हरवलं. १९७२ ला ते कम्युनिस्ट पक्षातर्फे पुन्हा विधानसभेत गेले, तेव्हा मुख्यमंत्री कोण? सेठीच. दिल्लीत हाच पक्ष इंदिराबाईंच्या बाजूनं होता, आणीबाणीलाही त्यानं पाठिंबा दिला. ज्यांच्याशी आयुष्यभर भांडलो त्यांच्या शेजारी बसायची पाळी आली, तेव्हा युनियनमधल्या माणसाच्या मनात काय चाललं असेल? लेखक इथं पान उलटतो. श्रद्धा असली की अडचणीचं पान लवकर उलटतं, आपल्याकडच्या चरित्रांतही हेच होतं.

१९९१-९२ मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली. दाजी २००९ ला गेले. कामगारांची थकलेली देणी, २२४ कोटी रुपये, डिसेंबर २०२३ मध्ये दिली गेली. ४,८०० कामगार किंवा त्यांचे वारस. आमच्या गल्लीतल्या एक आजी तेव्हा नवऱ्याचं मृत्यूचं सर्टिफिकेट घेऊन फॉर्म भरायला गेल्या होत्या. त्यांना मी विचारलं, दाजींना मत दिलं होतं का? म्हणाल्या, "ह्यांनी दिलं होतं. मी रामसिंहभाईंना. ते पण आपलेच होते ना."

स्मरणलेखांत असं घर मला अजून भेटलेलं नाही.