सुधाकराचा दुसरा प्याला

‘एकच प्याला’ ह्या नाटकाविषयी आजवर इतके लिहून झाले आहे की, त्यात भर घालू पाहणाऱ्याने प्रथम वाचकांची क्षमा मागावी हेच बरे. कै. राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारीत निवर्तले. त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास हे नाटक रंगभूमीवर आणले. तेव्हापासून रसिकांचा एक वाद अखंड चालू आहे. सुधाकरासारखा बुद्धिमान व मानी वकील, न्यायालयात अपमान झाला आणि सनद गेली एवढ्यावरून तळीरामाच्या हातचा पेला घेतो, हे संभवनीय आहे काय?

आम्हांस हा वाद अस्थानी वाटतो. पहिला पेला मनुष्य कशानेही घेतो. त्यास फारसे सबळ कारण लागतच नाही. ज्याचे कारण शोधावयास हवे तो पेला दुसरा, म्हणजे शपथपूर्वक सोडल्यावर पुन्हा हाती घेतलेला. टीकाकारांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही असे आमचे मत आहे.

तो प्रसंग वाचकांनी पुन्हा उघडून पाहावा. सुधाकराने दारू सोडली आहे. तो कामधंद्याच्या शोधात बाहेर पडतो, प्रतिष्ठितांच्या दारी जातो, आणि अवहेलना पदरी घेऊन परततो. त्याचा निर्धार तेथेच, त्या दारांशी ढासळलेला असतो. मद्य मागाहून येते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्लॅट व गॉर्डन ह्यांनी १९८५ साली ह्या विषयावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात पुन्हा व्यसनाकडे वळण्याची तीन मोठी निमित्ते सांगितली आहेत : मनाची खिन्नता वा क्षोभ, माणसामाणसांतील तंटा, आणि भोवतालच्यांचा आग्रह. ही तिन्ही निमित्ते गडकऱ्यांच्या ह्या एका नाटकात, त्या ग्रंथाच्या साठाहून अधिक वर्षे आधी, हजर आहेत. शपथेने ह्यांतले एकही निमित्त दूर होत नाही, हेही नाटककाराने दाखविले आहे. सुधाकराजवळ शपथ होती. रिकामा दिवस कसा काढावा, अपमान झाला तर कोणाकडे जावे, ह्याचा विचार मात्र त्याच्याजवळ नव्हता.

गडकऱ्यांचा विनोद येथे त्यांच्याच आड येतो. आर्यमदिरामंडळाचे प्रवेश इतके हास्यकारक उतरले आहेत की, धोका तळीरामाच्या अड्ड्यावरच असतो अशी प्रेक्षकाची समजूत होऊन बसते. प्रत्यक्षात तो सोज्वळ वेषात येतो. आमच्या केज तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास कितीतरी कुटुंबे ऊसतोडीस बाहेर पडतात. त्याआधी मुकादमाकडून उचल मिळते. वर्षभर ज्याच्या हाती पैसा टिकला नाही त्याच्या हाती एकाएकी मोठी रक्कम येते. पुढे घरापासून दूर कोपीत राहावयाचे, मध्यरात्री गाड्या भरावयाच्या, अंग ठणकत असावयाचे. दारू सोडलेल्या तोडकऱ्यास ह्या दिवसांत कोणा तळीरामाची गरज नसते. सुशिक्षितांच्या घरी लग्नाची वरात आणि बढतीची मेजवानी हेच काम करतात, एवढाच फरक.

आणि आमच्यासारखे हितचिंतकही ते करतात. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी अकरा महिने मद्य वर्ज्य केले होते. एका व्यसनमुक्तीच्या सभेचे अध्यक्षपद आमच्याकडे आले, तेव्हा आम्ही त्यांस आग्रहाने व्यासपीठावर बसविले, शाल व श्रीफळ दिले, आणि त्यांच्या पूर्वायुष्याचे वर्णन अलंकारिक भाषेत केले. टाळ्या पुष्कळ पडल्या. ते मान खाली घालून बसले होते. आम्ही तो विनय समजलो. आठव्या दिवशी ते प्याले. आम्ही घरात उद्गारलो, ‘अखेर सुधाकरच!’

हा उद्गार आमच्या तोंडी आला कोठून? नाटकातूनच. एकदा ह्या पेल्यात पडलेला वर येत नाही, असा त्याचा एकंदर कौल आहे, आणि शोकांतिकेस तो आवश्यकही असेल. पण मार्लॅट ह्यांचे एक मर्मग्राही निरीक्षण असे की, एका चुकीनंतर ‘आता सर्व संपले’ ही भावनाच त्या चुकीची पुरती घसरण करते. सुधाकर बुडाला तो ह्या भावनेने. डॉ. अनिता आणि अनिल अवचट ह्यांनी १९८६ साली पुण्यास मुक्तांगण काढले. अवचटांच्या गर्दवरील लेखनाने हलून गेलेल्या पु. ल. देशपांड्यांनी त्यास साह्य केले. पुन्हा प्यालेल्यास पुन्हा उभे करणे हा तेथील नित्याच्या कामाचाच भाग आहे. सुधाकरास असे दार माहीत नव्हते.

सिंधूविषयी थोडे लिहिणे प्राप्त आहे. बालगंधर्वांच्या सिंधूने प्रेक्षकांच्या डोळ्यांतून पाणी काढले, तेव्हापासून तिच्या पातिव्रत्याची पूजा तरी झाली किंवा निंदा तरी. ती दळण दळते, सोसते आणि झाकते. पती पुन्हा घसरणीला लागला आहे हे सर्वांआधी तिलाच कळत असणार : बोलण्याच्या तुटकपणावरून, उशिरा येण्यावरून, जुन्या सोबत्यांच्या नावांवरून. पण ते कोणापाशी बोलावे हे तिला ठाऊक नाही. बोलणे म्हणजे चहाडी असे तिचे संस्कार सांगतात. मुक्तांगणात पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. तसा गट मिळता तर सिंधूची भूमिका रंगभूमीवर कदाचित कमी करुण झाली असती. आमची त्यास हरकत नाही.

ते गृहस्थ आता दर आठवड्यास पाठपुराव्याच्या बैठकीस जातात. सभेस बोलावू नये असे त्यांनी आम्हांस स्पष्ट सांगितले आहे. मध्यंतरी आमची ‘एकच प्याला’ची प्रत त्यांनी वाचावयास नेली होती. ती परत आली तेव्हा आत एस.टी.चे जुने तिकीट खुणेसाठी घातलेले होते. आर्यमदिरामंडळाचे पान ते नव्हते. सुधाकर काम मागून रिकाम्या हाती परततो, ते होते.